बेलापूरची परिषद व ‘दीनमित्रा’चे अंक

मोडी दफ्तरें धुंडाळणारे संशोधक छापील कागदाकडे सहसा ढुंकून पाहात नाहींत. ही उपेक्षा आम्हांस घातक वाटते. भंडारदऱ्याचें धरण १९२६ मध्यें पुरें झालें. प्रवरेच्या पाटपाण्यानें ऊंस वाढला, व त्याजबरोबर कर्ज आणि गुळाचा भाव हे प्रश्नहि वाढले. १९४५ मध्यें बेलापुरास प्रा. धनंजयराव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालीं कालवा-बागाईतदारांची परिषद भरली. १९५० मध्यें प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. हें सर्वश्रुत आहे.

परंतु कुणब्याचें गाऱ्हाणें छापून येऊं लागलें तें याच्या पुष्कळ आधीं. कृष्णराव भालेकरांनीं १८७७ मध्यें पुण्यास ‘दीनबंधु’ काढिला. त्यांचेच पुत्र, दत्तक गेलेले मुकुंदराव पाटील, यांनीं १९१० मध्यें याच नगर जिल्ह्यांतील सोमठाण्याहून ‘दीनमित्र’ सुरू केला. पुढें तो नेवासें तालुक्यांतील तरवडीस नेऊन १९६७ पर्यंत चालविला. शहर सोडून खेड्यांत छापखाना चालविणें हें धाडसच म्हणावयाचें! बेलापूरच्या परिषदेची पूर्वपीठिका लिहूं पाहणारानें हे अंक आधीं चाळावे, असें आमचें मत आहे.

जुन्नरी कागद शतकें टिकतो. वृत्तपत्री कागद पन्नास वर्षांत पिवळा पडून तुटतो. म्हणून ज्यांच्या संग्रहीं सुटे अंक असतील त्यांनीं ते रद्दींत घालण्यापूर्वीं मंडळास कळवावें.