घाट, ओझे आणि कमानपाटे

पाचगणीचा इतिहास आजवर बंगले, शाळा आणि आरोग्यधामे यांच्या अंगाने लिहिला गेला. १८६० च्या दशकात जॉन चेसन या इंग्रज अधिकाऱ्याने दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर आणि तायघाट या पाच गावांच्या मधली ही जागा वसवली, सिल्व्हर ओकची झाडे लावली, हे सर्वांना ठाऊक आहे. डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ साली क्षयरोग्यांसाठी 'बेल एअर' सुरू केले, हेही ठाऊक आहे. पण त्या बंगल्यांतले पियानो, लोखंडी पलंग, खिडक्यांच्या काचा, साखरेची पोती आणि औषधांच्या पेट्या पसरणीचा घाट चढून वर कशा आल्या, त्या कोणी आणल्या, वाटेत चाक मोडले तेव्हा ते कोणी जोडून दिले, हा प्रश्न कोणी फारसा विचारलेला नाही. आम्हांला तो विचारावासा वाटतो. कारण त्याच्या उत्तरात आमच्या समाजातल्या अनेक घराण्यांचा इतिहास दडलेला आहे.

चेसनने वसाहत उभी करताना शिंपी, धोबी, खाटीक, भाजीवाले, गवंडी अशा कसबी लोकांना बोलावून बाजाराच्या खालच्या अंगाला जागा दिली. तेच पाचगणीचे गावठाण. साहेबांची वस्ती वर आणि तिला चालवणारी वस्ती खाली, अशी ही रचना होती. मुंबई इलाख्याचे जुने गॅझेटियर उघडले तर मुसलमानांच्या प्रकरणात बागवान, आतार, तांबोळी, पिंजारी, शिकलगार, नालबंद अशी नावे ओळीने भेटतात. बादशहा आणि सरदार यांच्या पलीकडचा हा मुसलमान आहे. प्रा. फक्रुद्दीन बेन्नूर यांच्यासारख्या अभ्यासकांनी मराठी मुसलमानांचा इतिहास या कष्टकरी जातींकडून पाहायला शिकवले. त्याच वाटेने आम्ही येथे एका अगदी साध्या वस्तूकडे पाहत आहोत. ती वस्तू म्हणजे गाडीखालचा कमानपाटा.

सह्याद्रीच्या घाटांतून पूर्वी माल जाई तो लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून. कोकणातले मीठ वर येई, देशावरचे धान्य खाली जाई. पुढे रस्ते झाले आणि बैलगाडी घाट चढू लागली. बैलगाडीला पाटे नसतात. साटा थेट आसावर बसलेला असतो आणि दगडावरून चाक गेले की तो धक्का माल, गाडीवान आणि बैलांचे खांदे तिघे वाटून घेतात. विलायतेत ओबाडाया इलियट याने १८०४ साली घोडागाडीसाठी लंबवर्तुळाकार पाट्यांची रचना पेटंट करून घेतली. त्या सुधारणेची भावंडे बग्गी, व्हिक्टोरिया आणि टांगा यांच्या रूपाने आपल्याकडे आली. १८८० च्या दशकात पुण्याहून दक्षिणेकडे रेल्वे निघाली आणि पाचगणी-महाबळेश्वरला येणाऱ्यांसाठी वाठार हे उतरण्याचे स्टेशन झाले. वाठारहून वाईमार्गे पसरणीचा घाट चढायचा तो टांग्याने. वाई समुद्रसपाटीपासून सुमारे सातशे मीटरवर आणि पाचगणी तेराशेच्या आसपास. म्हणजे दहा-बारा किलोमीटरच्या वळणावळणाच्या घाटात घोड्याला सहाशे मीटर चढायचे असे.

टांगा आला की त्याच्याबरोबर नालबंद आला, लोहार आला, चाकावर धाव चढवणारा आला. घोड्याच्या खुराला नाल मारणारा माणूस लोखंडाचा रंग ओळखतो, कोणत्या तापाला ते मऊ होते आणि कोणत्या पाण्याला कडक होते हे त्याच्या हाताला कळते. टांग्याचा पाटा मोडला तर तो त्याच्याच भट्टीजवळ येणार, हे ओघानेच आले. कसब एका वस्तूवरून दुसऱ्या वस्तूवर कसे जाते, याचे आपल्या भागातले ठळक उदाहरण मिरजेचे आहे. तिथल्या शिकलगारांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर हत्यारांचे काम मागे पडल्यावर तंबोरे आणि सतारी घडवायला घेतल्या. फरीदसाहेबांचे नाव त्या परंपरेत आदराने घेतले जाते. तलवारीची धार ओळखणारे घराणे तारेचा सूर ओळखू लागले. आमच्या भागातल्या नालबंद आणि लोहारांच्या घरांतही असाच पालट झाला. नालाच्या शेजारी पाटा आला, आणि घोडे गेल्यावर पाटा तेवढा उरला. फरक इतकाच, की मिरजेच्या तंबोऱ्याची गोष्ट लिहिली गेली. पाट्याची कोणी लिहिली नाही.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मोटारी घाट चढू लागल्या. स्वातंत्र्यानंतर जीप आली. जीपचे मूळ सांगताना एक गोष्ट बहुधा विसरली जाते. १९४५ साली जी कंपनी निघाली तिचे नाव 'महिंद्र अँड मोहम्मद' होते. के. सी. महिंद्र आणि जे. सी. महिंद्र या बंधूंचे भागीदार मलिक गुलाम मुहम्मद हे होते. फाळणीनंतर ते पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये कंपनीचे नाव 'महिंद्र अँड महिंद्र' झाले. एका नावाची पाटी बदलली, पण त्या जीपखालचे पाटे ठोकून देणारे, सीमेच्या अलीकडे राहिलेले हात इथेच होते. देशाच्या फाळणीचा इतिहास आम्ही नेत्यांच्या तोंडून ऐकतो. राहिलेल्यांनी रोज सकाळी भट्टी पेटवली, हा त्याचा दुसरा भाग आहे.

पुढे १९८६ मध्ये टाटा ४०७ आली, २००० नंतर बोलेरोची पिकअप आली, २००५ मध्ये टाटा एस आली आणि खेड्यापाड्यांतल्या मालवाहतुकीचे रूपच बदलले. महाबळेश्वर-पाचगणीच्या पट्ट्यात तर पिकअप शेतकऱ्याच्या घरची झाली. देशातल्या स्ट्रॉबेरीचा फार मोठा हिस्सा याच डोंगरावर पिकतो. महाबळेश्वर स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत भिलारसारख्या गावांतून फळ निघते आणि संध्याकाळी भरलेली गाडी रात्रीतून घाट उतरून वाशीच्या बाजारात पोचते. फळांचा व्यापार हा बागवानांचा जुना धंदा. त्यामुळे या साखळीच्या दोन्ही टोकांना आमची माणसे दिसतात.

स्ट्रॉबेरी वजनाला हलकी आणि जिवाला नाजूक. पण हंगाम संपला की गाडी दारात उभी ठेवून हप्ता फिटत नाही. मग तीच गाडी बटाटा, गाजर, शेणखत, सिमेंट, वाळू आणि जांभा दगड वाहते. निरनिराळ्या मॉडेलांप्रमाणे अशा पिकअपची मान्य क्षमता साधारण सव्वा ते पावणेदोन टन असते. खेपेचे भाडे ठरलेले, डिझेल महाग, आणि भरणारा म्हणतो, 'अजून चार पोती बसतील.' चार पोती बसतात आणि गाडीही बसते. मागचा भाग खाली जातो, चाक मडगार्डला घासू लागते, पुढचे दिवे आभाळाकडे पाहू लागतात. मग मालक पाटेवाल्याकडे जातो आणि म्हणतो, 'पाटा वाढवून द्या.'

हे काम वरवर सोपे दिसते. पाट्यांचा जुडगा म्हणजे एकाखाली एक, क्रमाने आखूड होत गेलेल्या पोलादी पट्ट्या. सर्वांत वरचा मुख्य पाटा लांब, त्याच्या दोन्ही टोकांना डोळे आणि डोळ्यांत बुश. मधोमध सेंटर बोल्ट सगळ्यांना एकत्र धरतो आणि दोन यू-बोल्ट जुडगा आसाला आवळतात. एका टोकाला शॅकल असते, कारण भार आला की कमान सपाट होते आणि तिची लांबी वाढते. त्या वाढीला जागा हवी. पट्ट्या एकमेकींवर घासतात, त्या घर्षणानेही धक्का काही प्रमाणात विरतो. बऱ्याच मालगाड्यांत आणखी एक मदतनीस पाटा असतो. गाडी रिकामी असताना तो अलिप्त राहतो आणि ओझे वाढले की टेकतो.

भार वाढवायचा तर कारागिराला तीन वाटा असतात. बसलेल्या पाट्यांना पुन्हा कमान देणे, जुडग्यात एखादा पाटा वाढवणे, किंवा जाड पाटे घालणे. यांतली जाडीची वाट सर्वांत बेरकी. पाट्याचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. आठ मिलिमीटरच्या जागी तेवढ्याच लांबी-रुंदीचा दहा मिलिमीटरचा पाटा घातला, तर तो जवळजवळ दुप्पट ताठ होतो. शाळेत न गेलेल्या कारागिरालाही हे हाताने माहीत असते. नुसती कमान वाढवल्याने गाडी उंच होते, मजबूत होत नाही. पोलाद थकलेले असेल तर पाटा काही दिवसांत पुन्हा बसतो, हेही त्याला माहीत असते. घणाचा घाव चुकीच्या जागी बसून बारीक खाच पडली, की पुढचा तडा तिथूनच जाणार. यू-बोल्ट नवे घालावेत, गाडी भार घेऊन थोडी चालली की पुन्हा आवळावेत, दोन्ही बाजूंचे पाटे सारखे ठेवावेत, हे जाणता मिस्त्री न विचारता सांगतो.

पण पाटा वाढवला म्हणजे गाडीची ताकद वाढली का? खरा पेच इथे आहे. पाटा ओझे तोलून धरतो, एवढेच. आस, बेअरिंग, टायर, चासी आणि ब्रेक कारखान्यातून निघाले तसेच राहतात. तीन टनांची भरली गाडी चार टनांची केली, तर पाचगणीहून वाईला उतरताना ब्रेकला एकतृतीयांश अधिक उष्णता गिळावी लागते. पसरणीच्या उतारावर ब्रेक तापून पकड सोडू लागले तर पाटा काही करू शकत नाही. चढताना मागचे ओझे पुढची चाके हलकी करते आणि सुकाणू ढिले वाटू लागते. शिवाय ताठ पाट्यांची गाडी हलक्या मालाला वाईट. जांभ्यासाठी कडक केलेल्या गाडीतून स्ट्रॉबेरी नेली, तर प्रत्येक खड्डा फळापर्यंत पोचतो. एकाच गाडीने दगड आणि फूल दोन्ही वाहायचे, ही गरिबीची अट आहे. ती पाट्याने सुटत नाही.

बसलेला पाटा ही गाडीची बोली आहे, असे आम्ही म्हणू. ओझे जास्त झाले हे ती खाली बसून सांगते. आपण पाटा वाढवतो तेव्हा तिची तक्रार बंद होते, ओझे मात्र तेवढेच राहते. हदीसमध्ये मदीनेतल्या एका बागेतल्या उंटाची कथा येते. प्रेषितांना पाहून तो उंट हुंदके देऊ लागला. त्यांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मालकाला बोलावून समज दिली, की तू या मुक्या जनावराला उपाशी ठेवतोस आणि राबवून थकवतोस. भारतातही १९६५ च्या नियमांनी बैल, घोडा, गाढव यांनी किती ओझे ओढावे किंवा पाठीवर वाहावे याच्या मर्यादा घातल्या आणि ओढण्याच्या मर्यादा ठरवताना गाडीचे चाक कोणत्या प्रकारचे आहे हेही पाहिले. जनावराच्या डोळ्यांत पाणी दिसते, म्हणून मालकाला कधीतरी लाज वाटते. लोखंड रडत नाही. त्याच्या जागी घाटाच्या वळणावर चालकाची बायको-मुले रडतात.

कायदाही हळूहळू याच ठिकाणी आला. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००५ मध्ये, जादा भाराला आगाऊ दंड घेऊन मोकळीक देण्याची काही राज्यांतली पद्धत बेकायदा ठरवली. जुलै २०१८ मध्ये केंद्राने अवजड गाड्यांच्या आसांवरची भारमर्यादा वाढवली. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कारखान्याने ठरवलेल्या मूळ रचनेला धक्का लागेल असा बदल गाडीत करता येणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने जादा भाराचा मूळ दंड दोन हजारांवरून वीस हजार रुपये झाला. हे सारे योग्यच आहे. पण दंड भरतो तो चालक आणि बोट दाखवले जाते ते पाटेवाल्याकडे. खेपेचे भाडे कमी देऊन चार पोती जास्त भरायला लावणारा कोणत्याही कलमात सहज सापडत नाही.

म्हणून पाटेवाल्याचा बचाव करताना आम्हांला दोन्ही गोष्टी बोलाव्या लागतात. त्याच्या कसबाला मान हवा आणि त्या कसबाला जबाबदारीही हवी. मोडलेला पाटा बदलणे, बसलेला जुडगा मूळ मापाला आणणे, गंजलेल्या पट्ट्या सोडवून साफ करणे, हे काम गाडी आणि माणूस दोघांना वाचवते. डोंगरावरच्या पावसाळ्यात पट्ट्यांच्या मध्ये पाणी मुरते आणि गंज आतून खातो. तो वेळेत पाहणारा डोळा कमी मोलाचा नाही. आणि 'याच्या पलीकडे ही गाडी घेणार नाही, मोठी गाडी घ्या किंवा दोन खेपा करा' असे गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगणारा मिस्त्री आम्हांला मोठा वाटतो. त्या सांगण्यात त्याची त्या दिवसाची मजुरी बुडते.

आता काळ पुन्हा पालटतो आहे. कमी पट्ट्यांचे, मध्ये जाड आणि टोकांना निमुळते होत जाणारे पाटे कारखान्यांतून येतात. ते रस्त्याकडेच्या ऐरणीवर दुरुस्त होत नाहीत. तुटले की नवे घालावे लागतात. मुलगा भट्टीपाशी बसायला तयार नाही आणि बापही त्याला आग्रह करत नाही. १९९० च्या दशकात मुसलमानांतल्या कारागीर जातींना इतर मागासवर्गात जागा मिळाली, त्यातून काही मुले शिकली, हे चांगलेच झाले. पण कसब घरातून जाताना त्याची नोंद तरी मागे राहावी. स्ट्रॉबेरीला मानांकन मिळाले, २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्यालाही मिळाले. फळ आणि सूर यांच्या मधे जो रस्ता आहे, त्यावर ओझे तोलून धरणाऱ्यांना मानांकन नको आहे. त्यांच्याकडे जाऊन, कोणत्या साली कोणती गाडी आली, कोणता पाटा कुठे तुटत असे, भट्टी कोणी घातली आणि कधी विझली, एवढे विचारून लिहून ठेवले तरी पुरे. वाई, सातारा, मिरज, सांगली येथील आमच्या तरुण लेखकांनी हे काम हाती घ्यावे. सांगणारी माणसे आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत.