जुन्या गाडीची किंमत कोण ठरवतं?

समजा, तुमची २०१० सालची कॅमरी देशी दुकानाच्या पार्किंगमध्ये उभी आहे. तुम्ही आत मेथीच्या जुड्या निवडताय आणि बाहेर कुणीतरी जोरात रिव्हर्स घेऊन तिची दोन दारं आत ढकलली. माणूस भला, थांबला, माफी मागितली, इन्शुरन्सचं कार्ड दिलं. चूक सरळसरळ त्याची. इंजिन ठणठणीत, गाडी तुम्ही चालवतच घरी आणली. आठवड्याने त्याच्या कंपनीचा अ‍ॅडजस्टर फोनवर गोड आवाजात सांगतो की दुरुस्तीला सहा हजार डॉलर लागतील, गाडीची किंमत पाच हजार, म्हणजे गाडी ‘टोटल’ झाली, चेक पाठवतो. तुम्ही बाजारात तशीच गाडी शोधायला जाता, तर सात हजारांच्या खाली काही दिसत नाही.

तुमच्या स्वतःच्या पॉलिसीचा इथे उपयोग नसतो, कारण कोलिजन कव्हरेज तुम्ही केव्हाच काढून टाकलेलं असतं. दहा वर्षांच्या गाडीवर कोलिजन कशाला, हा सल्ला प्रत्येक पॉटलकमध्ये मिळतो आणि तो तसा वाईटही नाही. शिवाय भारतातली सवय आडवी येते. तिकडे गाडीची किंमत, म्हणजे आयडीव्ही, पॉलिसीवर आधीच छापलेली असते. समोरच्याच्या कंपनीकडून गाडीचं नुकसान वसूल करायचं तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापर्यंत जावं लागतं, म्हणून लोक रस्त्यावरच मिटवतात किंवा स्वतःच्या पॉलिसीवर भागवतात. दुसऱ्याच्या इन्शुरन्स कंपनीशी किमतीवरून हुज्जत घालणं आपल्याला कुणी शिकवलेलंच नाही. मग ‘जाऊ दे, जुनीच तर होती’ म्हणत आपण सही करतो.

सही करण्याआधी तो पाच हजारांचा आकडा आला कुठून, ते बघू.

अ‍ॅडजस्टर ज्याला ‘अ‍ॅक्चुअल कॅश व्हॅल्यू’ म्हणतो तो शब्दप्रयोग मोटारीपेक्षा जुना आहे. न्यूयॉर्कच्या १८८६च्या प्रमाणित आगविमा पॉलिसीत तो होता. त्याचा अर्थ मात्र पॉलिसीत कुणी लिहिला नव्हता, आणि त्यावरून पुढे मोठं भांडण झालं. न्यूयॉर्क राज्यात माल्ट तयार करणाऱ्या कारखान्याच्या इमारती १९२०मध्ये जळाल्या. दारूबंदी नुकतीच लागू झाली होती, त्यामुळे त्या इमारतींचा मूळ उपयोगच संपला होता. मालकाचं म्हणणं, बांधायला आज जो खर्च येईल त्यातून घसारा वजा करा आणि पैसे द्या. कंपनीचं म्हणणं, ज्या इमारतींना गिऱ्हाईकच उरलं नाही त्यांची किंमत ती काय? राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२८मध्ये ‘मॅकअ‍ॅनार्नी विरुद्ध न्यूअर्क फायर इन्शुरन्स’ या खटल्यात दोघांचीही सूत्रं बाजूला ठेवली. किंमत ठरवताना जो जो पुरावा तिच्यावर प्रकाश टाकेल तो सगळा बघा, असं न्यायालय म्हणालं. बऱ्याच राज्यांनी हे तत्त्व पुढे उचललं. तुमच्या कॅमरीच्या नव्या टायरांची पावती आणि वेळच्या वेळी केलेल्या सर्व्हिसिंगचे कागद हाही त्याच जातीचा पुरावा. तो पाठवा.

मोटारींच्या किमती मात्र कारखान्यांसारख्या एकेक करून ठरवणं परवडणारं नव्हतं. १९२६मध्ये लॉस एंजेलिसचे गाडीविक्रेते लेस केली यांनी ब्लू बुक काढलं. आपल्याला कोणत्या गाड्या विकत घ्यायच्या आहेत आणि त्यांना आपण किती मोजायला तयार आहोत, याची ती यादी होती. म्हणजे मूळ वही विकत घेणाऱ्या व्यापाऱ्याची. १९३३पासून डीलरांच्या राष्ट्रीय संघटनेचं, नाडाचं, गाइड निघू लागलं. सर्वसामान्य ग्राहकासाठी ब्लू बुकची आवृत्ती यायला १९९३ उजाडलं. तोवर इन्शुरन्स कंपन्यांनी पुस्तकं सोडून संगणक धरला होता. शिकागोच्या सीसीसीसारख्या कंपन्या आसपासच्या विक्रीची माहिती गोळा करून मूल्यांकनाचा अहवाल देऊ लागल्या. आज तुम्हाला सांगितलेला आकडा बहुधा अशाच एखाद्या अहवालातून येतो.

तो अहवाल मागून घ्या. त्यात तुमच्या गाडीशी तुलना केलेल्या तीन-चार गाड्या असतात आणि प्रत्येकीसमोर अधिक-उण्याचे आकडे. बघण्यासारख्या जागा ठरलेल्या आहेत: ट्रिम बरोबर धरली आहे का, मायलेज बरोबर आहे का, तुलनेच्या गाड्या शंभर मैल लांबच्या तर नाहीत, आणि ‘कंडिशन’च्या नावाखाली सरसकट काही कापलं आहे का. जाहिरातीत लिहिलेली किंमत आणि ‘खरोखर विकली गेली असती ती किंमत’ यांतला फरक आधीच वजा करण्याच्या पद्धतीवरून अलीकडे अनेक राज्यांत सामुदायिक दावे दाखल झाले आहेत. तुमच्या गावातल्या, त्याच वर्षाच्या, तेवढ्याच मैल चाललेल्या गाड्यांच्या चार-पाच जाहिराती छापून पाठवल्या की बोलणं बदलतं. २०२१मध्ये तर वापरलेल्या गाड्यांचे भाव सरकारी निर्देशांकाप्रमाणे एका वर्षात ३७ टक्क्यांनी चढले होते. जुनी गाडी दर वर्षी स्वस्तच होते या गृहीतकाला त्या वर्षी चांगलाच धक्का बसला.

आणि ‘टोटल’ हा काही निसर्गनियम नाही. न्यूयॉर्कमध्ये दुरुस्तीचा खर्च किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी टोटल, फ्लोरिडात ८०, टेक्सासमध्ये १००. कॅलिफोर्नियात भंगाराची किंमतही हिशेबात धरतात. तोच पोचा, तीच गाडी, राज्याची हद्द ओलांडली की निकाल वेगळा.

आता यातली सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात कमी लोकांना ठाऊक असलेली गोष्ट. त्या अ‍ॅडजस्टरच्या कंपनीशी तुमचा काहीही करार नाही. ट्रॅव्हलर्स कंपनीने १८९०च्या दशकाच्या शेवटी मोटारमालकांना पॉलिसी विकायला सुरुवात केली, ती मोटारीने दुसऱ्याला इजा केली तर होणाऱ्या दाव्यापासून मालकाला वाचवण्यासाठी. रस्त्यावर तेव्हा घोडेच घोडे होते. मॅसॅच्युसेट्सने देशात पहिल्यांदा असा विमा सक्तीचा केला, १ जानेवारी १९२७पासून, पण तो माणसांना झालेल्या इजेपुरता. गाडीच्या पत्र्याचा त्यात विचारच नव्हता. म्हणजे जन्मापासून या पॉलिसीचं काम ज्याची चूक आहे त्याचं रक्षण करणं हे आहे. तुम्ही त्या व्यवहारात तिऱ्हाईत.

तिऱ्हाइताला काही हक्क द्यावा का, यावर कॅलिफोर्नियाने चक्क दोन्ही उत्तरं देऊन पाहिली. १९७९च्या ‘रॉयल ग्लोब’ निकालाने समोरच्याच्या इन्शुरन्स कंपनीने अन्यायाने वागवलं तर तिच्यावर थेट दावा करायची मुभा दिली. १९८८मध्ये ‘मोराडी-शलाल’ निकालाने ती काढून घेतली. तेव्हापासून तिथे कंपनीने तुम्हाला महिनोन्महिने ताटकळत ठेवलं तरी त्या वागणुकीबद्दल तिला कोर्टात खेचता येत नाही. राज्याच्या विमा खात्याकडे तक्रार करता येते. तीही राज्याकडेच, कारण १९४५च्या मॅकॅरन-फर्ग्युसन कायद्याने विम्याचं नियमन राज्यांकडे ठेवलं. वॉशिंग्टनला पत्र लिहून उपयोग नाही.

माझ्या मते या तिऱ्हाईतपणाचा एक फायदा आहे आणि तो कुणी घेत नाही. करार नाही, म्हणजे त्या पॉलिसीतलं ‘अ‍ॅक्चुअल कॅश व्हॅल्यू’चं कलमही तुम्हाला बांधत नाही. तुमची मागणी त्या चालकावर आहे, त्याने केलेल्या नुकसानीबद्दल. त्यात अपघाताआधीची वाजवी बाजारकिंमत येते, टोइंग येतं, आणि गाडीविना काढलेले दिवसही येतात.

या शेवटच्या मुद्द्यावर टेक्सासचा एक खटला माहीत असावा. जे अँड डी टोइंग नावाच्या छोट्या धंद्याकडे एकच टो ट्रक होता, २००२ सालचा डॉज. डिसेंबर २०११मध्ये एका गाडीने त्याला धडक दिली आणि तो टोटल झाला. धडक देणाऱ्या चालकाच्या पॉलिसीचे २५ हजार डॉलर मिळाले, तिथे तिची मर्यादा संपली. पण ट्रक नाही म्हणजे धंदाच बंद. त्या दिवसांची भरपाई मालकाने स्वतःच्या कंपनीकडे ‘अंडरइन्शुअर्ड मोटरिस्ट’ कव्हरेजखाली मागितली. कंपनीने जुन्या नियमावर बोट ठेवलं: वाहन दुरुस्त होणार असेल तर वापर बुडाल्याची भरपाई, पार मोडलं असेल तर फक्त किंमत. जणू चेक हातात पडेपर्यंत नवा ट्रक आपोआप दारात उभा राहतो! टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१६मध्ये हा भेद मोडीत काढला. वाजवी काळापुरती आणि पुराव्यानिशी मागितली तर टोटल झालेल्या वाहनासाठीही ही भरपाई मिळते. कॅलिफोर्नियाने हेच १९५९मध्ये एका विमानाच्या खटल्यात मान्य केलं होतं. म्हणून भाड्याच्या गाडीच्या आणि उबरच्या पावत्या पहिल्या दिवसापासून जपा, आणि शक्य तितक्या लवकर दुसऱ्या गाडीचा शोध सुरू करा. उगाच लांबवलेले दिवस कुणी धरत नाही.

समोरच्याच्या पॉलिसीची मर्यादाही विचारून घ्या. कॅलिफोर्नियात मालमत्तेच्या नुकसानीसाठीची किमान मर्यादा १९६७मध्ये ५ हजार डॉलर ठरली. तेव्हा त्या पैशांत नवी कोरी गाडी येऊन वर पैसे उरत. तो आकडा १५ हजारांवर गेला १ जानेवारी २०२५ला.

बोलणं फिसकटलंच तर स्मॉल क्लेम्स कोर्ट आहे. कॅलिफोर्नियात व्यक्तीला तिथे साडेबारा हजारांपर्यंत दावा करता येतो, न्यू जर्सीत पाच हजारांपर्यंत. अर्जात प्रतिवादी म्हणून चालकाचं नाव लिहायचं, त्याच्या इन्शुरन्स कंपनीचं नाही. मनाला थोडं लागतं, कारण माणूस भला होता, थांबला होता. पण समन्स त्याच्या हातात पडलं की तो ते आपल्या कंपनीकडे धाडणार, आणि त्याचा बचाव करणं हे तिचं करारातलं कर्तव्य आहे. चेकबरोबर येणाऱ्या रिलीजच्या कागदावर फक्त गाडीचं नुकसान लिहिलं आहे, की तुमच्या मानेच्या दुखण्याचाही हक्क त्यात सोडून दिलाय, ते सही करण्याआधी वाचा.