रविवारी लिलाव नसतो

सकाळचे सात वाजत आलेत. साल 1586, स्थळ गोवे शहर. सहलीची बस आज जिथे तासाभरासाठी थांबते ते जुनं गोवं हेच. आता मात्र इथे पाय ठेवायला जागा नाही. रुआ दिरैता, म्हणजे ‘सरळ रस्ता’ नावाच्या मुख्य पेठेच्या कोपऱ्यावर तुम्ही बसला आहात. पुढ्यात मेज, मेजावर बुझरुक नाण्यांच्या चळती, शेजारी तराजू. इतकं मागे यायचं तर कोणाच्या तरी अंगात शिरावं लागतं, तसे तुम्ही एका सराफाच्या कारकुनाच्या अंगात शिरला आहात. सराफ नवख्रिस्ती, तुम्हीही नवख्रिस्ती. बापाच्या वेळी सगळं घर बाप्तिस्मा घेऊन मोकळं झालं. गळ्यात क्रूस आहे, नाव पोर्तुगीज आहे, आणि दार लावून घेतल्यावर आई अजून जुन्याच नावाने हाक मारते.

सकाळची मिसा आटोपून माणसं बाहेर पडतात आणि तशीच लिलावाला येऊन उभी राहतात. लिलाव रोज असतो, सात ते नऊ, ऊन चढायच्या आत. शहराने नेमलेले पुकारे करणारे लोक गर्दीतून फिरताहेत. विकायचे दागिने त्यांनी अंगावरच घातलेत: गळ्यात सोन्याच्या साखळ्या, मोत्यांचे सर, बोटाबोटांत अंगठ्या. लग्नातला नवरदेव बरा. एकाच्या मागे अरबी घोडा, दुसऱ्याच्या खांद्यावर खंबायतच्या रजया, तिसऱ्याभोवती माणसं. मोझांबिकची, मलबारची, बंगालची, चीनकडचीही. म्हातारी आहेत, पोरं आहेत.

एका मुलीवर बोली लागली आहे. बारा-तेरा वर्षांची असेल. तिला एका संतिणीचं नाव दिलंय आणि पुकारणारा तेच नाव घेऊन तिचे गुण सांगतोय: शिवण येतं, बारीक कशिदा येतो, मुरंबे उत्तम करते. गिऱ्हाईक तिची हनुवटी धरून तोंड उघडायला लावतं, दात बघतं, चार पावलं चालवून बघतं. गिऱ्हाईक म्हणजे इथे संसार थाटलेला एक पोर्तुगीज गृहस्थ, वागायला सभ्य. हातातली जपमाळ अडचण होते म्हणून तो ती मनगटाला गुंडाळतो. सौदा ठरतो आणि पैसे तुमच्या मेजावर येतात, कारण बाजारात खोटी नाणी फार.

आता तुमचं काम. चांदीचा शेराफीन उचलायचा, दगडावर आपटायचा, नाद ऐकायचा. नाण्याच्या एका अंगाला बाणांची जुडी आहे. दुसऱ्या अंगाला संत सेबास्तियन, रोमन बादशहाने खांबाला बांधून ज्याच्या उघड्या अंगावर बाण मारायला लावले तो. रोजच्या हाताळण्याने त्याचा चेहरा झिजलाय, पण अंग ओळखू येतं. एक नाणं बद्द वाजतं, तुम्ही ते परत सरकवता. गृहस्थ चिडतो, सेबास्तियनाचीच शपथ घेतो, मग कमरेच्या थैलीतून दुसरं काढून देतो. हा सेबास्तियन खणखणीत वाजतो. मुलगी गृहस्थाच्या नोकरामागून चालू लागते. तुम्ही आपली सराफी कापून घेता.

इथे ‘ढोंग’ हा शब्द ओठांवर येईल. जरा थांबा. ढोंग्याला निदान काहीतरी लपवावं लागतं. या रस्त्यावर लपवलेलं काहीच नाही. लिलाव रविवारी नसतो. सणाच्या दिवशी नसतो. चर्चच्या दिनदर्शिकेवर तो बिनबोभाट चालतो आणि तिच्यातला कोणताही नियम मोडत नाही. या शहराबद्दल लिहिणाऱ्यांनी त्याच्या ऐषआरामावर आणि बायकांवर पानंच्या पानं खर्च केली आहेत. मला त्यापेक्षा ही रविवारची सुट्टी जास्त अस्वस्थ करते.

आणि समोर बघा. याच पेठेत मिझेरिकॉर्डियाची वास्तू आहे, दयेच्या बंधुमंडळाची. अशी मंडळं पोर्तुगीजांनी लिस्बनपासून, 1498 पासून, जिथे गेले तिथे काढली आणि त्यांचं काम खरोखर मोठं आहे. कैद्यांना जेवण, बेवारशी प्रेतांना मूठमाती, अनाथ मुलींच्या लग्नाला हुंडा. इथे मेलेल्याची मालमत्ता पोर्तुगालमधल्या वारसांपर्यंत पोचवायची हेही त्यांचंच काम. त्यासाठी ती आधी लिलावात निघते. व्हाइसरॉय मेला तरी त्याचं सामान याच रस्त्यावर शेवटच्या पैशापर्यंत विकलं जातं, विधवांचं आणि पोरक्या पोरांचं नुकसान होऊ नये म्हणून. सामानात पलंग असतो, चांदीची ताटं असतात, गुलाम असतात. आता विकली गेलेली मुलगी कदाचित अशाच एखाद्या विधवेच्या भल्यासाठी विकली गेली असेल. मंडळाच्या सभासदांनी चौदा दयाकर्मं करायची असतात आणि त्यांतलं एक आहे बंदिवानांना सोडवणं. बंदिवान म्हणजे मुसलमानांच्या हाती सापडलेले ख्रिस्ती. मेजापासून ती वास्तू हाकेच्या अंतरावर आहे आणि तरी या वाक्याचा दुसरा काही अर्थ होऊ शकतो हे आतल्या कोणालाही सुचत नाही. तुम्हाला तरी सुचलं असतं का, सराफी कापून घेताना?

गर्दीत एक विशीतला गोरा पोरगा दिसेल, डोळे चौफेर. तो यान हाउखेन फान लिन्सखोटेन, आर्चबिशपच्या पदरी असलेला डच कारकून. दहा वर्षांनी, 1596 मध्ये, त्याचं पुस्तक हॉलंडात छापलं जाईल आणि त्यात हा लिलाव चित्रासकट असेल; आपल्याकडे जनावरं विकतात तशी इथे माणसं विकतात, असं तो नोंदवेल. डच लोक ते पुस्तक मसाल्याच्या वाटांसाठी वाचतील आणि पूर्वेकडे येऊन स्वतः गुलामांचा व्यापार करतील.

कायद्याचंही बघून घ्या. गैरख्रिस्ती मालकाचा गुलाम बाप्तिस्मा घेऊन आला, तर तो मोकळा. ख्रिस्ती मालकाच्या गुलामाने बाप्तिस्मा घेतला, तर त्याच्या आत्म्याची सोय झाली, अंग मालकाचंच. 1567 मध्ये गोव्यात धर्मसभा भरली आणि कोणती गुलामगिरी न्याय्य, कोणती अन्याय्य याचे निकष तिने घालून दिले. न्याय्य युद्धात पकडलेला चालतो, गुलाम आईच्या पोटी जन्मलेला चालतो, अशी ती यादी. जपानी माणसं विकत घेऊ नका असा राजा सेबास्तियांवचा हुकूम 1570 सालीच निघाला आहे आणि शहर तो मनावर घेत नाही. मेजावरच्या नाण्याला त्याची कुळी विचारता येत नाही, त्या मुलीलाही कोणी विचारली नाही.

आता जरा मागे चला. 1542च्या मे महिन्यात फ्रान्सिस झेवियर इथे उतरला. हातात घंटी घेऊन तो गल्ल्यांतून फिरे आणि पोरांना, गुलामांना धर्मशिक्षणाला बोलावी. अडीच-पावणेतीन वर्षांत त्याला शहर पुरतं कळलं. 1545च्या जानेवारीत कोचीनहून त्याने मित्राला लिहिलं, त्याचा भावार्थ असा की इथे सगळे ‘लुटणे’ हे एकच क्रियापद सगळ्या काळांत चालवत असतात. निदान झणझणीत आणि अचूक. पण पुढच्याच वर्षी त्याने राजाला पत्र लिहून औषध मागितलं ते इन्क्विझिशनचं, म्हणजे धर्मन्यायालयाचं. ते 1560 मध्ये आलं, आदिलशाही वाड्यात राहायला गेलं, आणि लोक त्या वास्तूला ‘व्हडलें घर’ म्हणत घाबरू लागले. इन्क्विझिशनची नजर कशावर होती हे समजायला 1586पासून दीडशे वर्षं पुढे उडी मारून 1736चं तिचं फर्मान ऐका: ख्रिस्त्यांनी हिंदूंसारखा बिनमिठाचा भात शिजवू नये. धोतर नेसू नये, चोळी घालू नये. परसातली तुळस उपटावी. भातातल्या मिठापर्यंत पोचलेली ही चौकशी सरळ रस्त्यावरच्या लिलावापर्यंत कधी पोचली नाही, कारण तिथे श्रद्धेविरुद्ध काही घडतच नव्हतं.

1609. एका मोठ्या सणाची सकाळ. चर्चच्या दाराशी पालखी थांबते. आतून एक दोना, म्हणजे पोर्तुगीज घरची बाई, उतरते, उंच टाचांच्या खडावांवर डुलत, दोन्ही बाजूंनी आधाराला माणसं. मागे तिच्या बटक्या: एकीकडे गालिचा, एकीकडे उशी, एकीकडे हातरुमाल. दारापासून वेदीपर्यंतची चाळीस-पन्नास पावलं चालायला तिला पाव तास लागतो आणि तेवढा वेळ सगळ्यांनी बघावं हाच बेत असतो. पिरार द लाव्हाल नावाचा फ्रेंच खलाशी त्या सुमारास या शहरात अडकून पडला होता. त्याच्या वर्णनात हे सगळं आहे. बायंगिणीच्या झऱ्यावरून मडक्यांत पाणी आणून दारोदार विकणारे गुलामही आहेत. दिवसाची कमाई संध्याकाळी मालकाकडे. कमी भरली तर काय होई ते मालकावर अवलंबून. खर्च फक्त त्यांच्या पोटाचा, त्यामुळे पाणी विकणाऱ्याच्या जिवावर दोना चर्चमध्ये गालिचा अंथरू शकत असे. लिन्सखोटेनने सैनिकांचीही अशीच एक गंमत सांगितली आहे. दहा-बाराजण एका घरात राहत, रेशमी पोशाख एखाद-दोन, ते पाळीपाळीने घालून छत्रीवाल्यासह मिरवायला निघत. उरलेले त्या वेळी घरी उघडेवाघडे बसत.

इथवर सगळं गोऱ्या धन्यांचं झालं आणि तुम्हाला वाटलं असेल की आपण सुटलो. 1616 मध्ये चला, गोव्यातल्याच साष्टीत, रायतूरला. इंग्लंडात जन्मलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ छापून होतंय. ओव्यांतलं, मराठीतलं, हजारो ओव्यांचं. पुराणं ऐकायची सवय असलेल्या नवख्रिस्त्यांनी मागितलं म्हणून लिहिलेलं. मराठी या माणसाने जितकी जीव लावून वापरली तितकी त्या काळात थोड्यांनीच वापरली असेल. ऐकायला बसलेले बामण आपल्या जागी, चारडी (क्षत्रिय म्हणवणारे) आपल्या जागी, सुदिर (शूद्र) मागे. देवळं गेली, मूर्ती गेल्या, गावकरीची जमीन आणि तिचे मान राहिले, आणि सोयरीक जुळवताना जात बघायची हेही राहिलं. तुमचा जुना मालक सराफ आठवतो ना? त्याच्या नातीचं लग्न ठरतंय. वर ख्रिस्ती आहे एवढं पुरत नाही. पुराण ऐकणाऱ्या या बामणांना, ते कितीही शिकले तरी, स्टीफन्सच्या येशू संघात, म्हणजे जेझुइटांत, मात्र प्रवेश नाही. 1575 मध्ये केरळातल्या एका ब्राह्मणाला, पेरू लुईसला, घेतलं होतं. त्यानंतर दार बंद.

दिवाडी बेटावरचा मातेउश द कास्त्रो असंच दुसरं दार बाहेरून वाजवून थकला. गोव्याच्या आर्चबिशपने देशी माणसाला दीक्षा द्यायला नकार दिला, तर तो थेट रोमला गेला, तिथे पाद्री झाला, 1637 मध्ये चक्क बिशप झाला आणि मग परतला. पोर्तुगीजांनी त्याला मानलं नाही. मग त्याने सीमेपलीकडे, आदिलशाही मुलखात, डिचोलीला बस्तान बसवलं. एका जेझुइट पॅट्रिआर्कने त्याच्या रंगावरून जो शब्द वापरला तो इथे छापण्यासारखा नाही. इथे तुमची सहानुभूती पूर्णपणे कास्त्रोकडे झुकते, आणि झुकायलाच हवी. पण त्याने 1653 मध्ये जे पुस्तक लिहिलं ते लिहिलं ‘ब्राह्मणांचा आरसा’ या नावाने आणि ब्राह्मणांसाठी. त्याची तक्रार मोठी धारदार होती: आम्हा ब्राह्मणांना असं वागवता?

शेवटी लिस्बनमध्ये छापखान्यात डोकावून जा, कारण ही गोष्ट न हसता सांगणं मला जमत नाही. 1702 मध्ये आंतोनियो जुआंव द फ्रियश या गोवेकर ब्राह्मण पाद्र्याचं पुस्तक निघतं. बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या तीन राजांपैकी एक ब्राह्मण होता, इथपर्यंत त्याची मजल. 1713 मध्ये चारडी असलेले पाद्री लिओनार्दू पाइश उत्तर छापतात: श्रेष्ठ आम्ही, कारण आम्ही क्षत्रिय, राजकुळातले. दोघेही रोज मिसा करणारे. दोन्ही पुस्तकं पोर्तुगीजमध्ये, राजाच्या राजधानीत, छापून.

परत साष्टीत या. त्याच दशकातली एक संध्याकाळ. तुम्ही चर्चच्या बाजूच्या खोलीत कोंफ्रारीत (चर्चच्या बंधुमंडळात) नाव घालायला आला आहात, म्हणजे सणाच्या मिरवणुकीत अंगावर झगा घालून मेणबत्ती धरायचा मान मिळावा. वहीवर वाकलेला लेखनिक नाव विचारतो. गाव विचारतो. मग मान वर न करता विचारतो, “वांगड कुठलं? बामण का चारडी?”

तुम्ही उत्तर देता. चटकन.