अठ्ठ्याहत्तर म्हणजे नक्की किती?

जुन्या तबकड्यांना आपण सरसकट 'सेव्हंटी एट' म्हणतो. मिनिटाला 78 फेरे. कॉन्फिगरेशन फाइलींमधल्या आकड्यांवर पोट भरणाऱ्या माझ्यासारख्याला हा आकडा पक्का वाटणं साहजिक आहे. पण तो स्थिरावला साधारण 1925 च्या सुमारास, ध्वनिमुद्रण विजेवर येत असताना. त्याआधी कंपनीगणिक वेग वेगळा, कधी एकाच कंपनीच्या दोन मुद्रणांचाही वेगळा.

भारतात ही गोष्ट सुरू होते 1902 च्या नोव्हेंबरात. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कलकत्त्याला आला आणि गौहर जान कर्ण्यासमोर गायल्या. त्या काळी मुद्रणाची तबकडी फिरायची ती हळूहळू खाली उतरणाऱ्या वजनावर. वेग सांभाळायला गव्हर्नर असे, आणि गव्हर्नर जुळवायला माणूस. तबकड्या छापल्या जात जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या लोकांना ओळख पटावी म्हणून गाणं संपताना गायिका स्वतःचं नाव इंग्रजीत सांगे. नाव असं पोचलं. वेगाची तशी खात्री नव्हती.

यानं काय बिघडतं? 74 फेऱ्यांवर मुद्रित झालेली तबकडी 78 वर लावली, तर वेग सुमारे साडेपाच टक्के वाढतो. म्हणजे जवळजवळ एक अख्खा अर्धस्वर. पांढरी चारमध्ये गायलेलं काळी तीनमध्ये ऐकू येतं. लय चढते, आवाज बारीक होतो. 'काय तयारी होती त्या लोकांची!' असं आपण म्हणतो, त्यातली थोडी तयारी मोटरची असू शकते. एका अख्ख्या पिढीच्या गळ्याबद्दलचं आपलं मत अशा आवाजावर बेतलेलं असेल, तर प्रश्न हौशी मंडळींपुरता उरत नाही.

म्हणून घरची सिस्टीम जुळवताना मी आधी स्पीकर नाही, वेग कमी-जास्त करता येणारं टर्नटेबल शोधलं. सुई वेगळी लागते: एलपीला साधारण 25 मायक्रॉनची, या जाड खाचांना 75 च्या आसपास. खर्ज कापण्याचं प्रमाणही 1954 मध्ये आरआयएएचं मानक येईपर्यंत प्रत्येक कंपनीचं निराळं होतं, त्यामुळे फोनो प्रीअँप मी स्वतः जोडला, बटणाऐवजी फिरवायच्या दोन खुंट्या लावून.

वेग ठरवायला साथीची पेटी उपयोगी पडते. एका नाट्यगीतात तिचा सा माझ्या पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मधोमध येत होता. वेग 76 वर आणला आणि तो खालच्या पट्टीवर बसला. 80 वर नेला असता तर वरच्या पट्टीवरही बसला असता. पुरावा इथपर्यंतच नेतो, पुढचं कानानं ठरवायचं. 76 वर शब्द मोकळे झाले, तानेतला दाणा वेगळा ऐकू आला. मी 76 धरला.

1977 मध्ये व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी गेली. केरी गावच्या केसरबाई केरकरांची 'जात कहाँ हो' ही भैरवी तिच्यात आहे. सोबत सुई आहे, आणि वेष्टनावर एका फेऱ्याचा वेळ, 3.6 सेकंद, हायड्रोजन अणूच्या मापात कोरलेला आहे. परग्रहावरच्या श्रोत्याला केसरबाईंचा सा बरोबर मिळेल.

आपल्या माळ्यावरच्या तबकड्यांसाठी हे काम आपल्यालाच करायचं आहे. एखादी डिजिटल करताना मी फाइलच्या नावातच वेग लिहितो. माझा अंदाज चुकला असेल, तर पुढच्याला निदान तो उलटा फिरवता येईल.