तीन ओझी, एकच डोकं

१९४२ साल. १८ आणि १९ जुलैला नागपुरात अखिल भारतीय दलित वर्ग परिषद भरली. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन तिथंच उभं राहिलं. हे आपल्याला पाठ आहे. पण २० जुलैला तिथंच दलित बायांची परिषद झाली, हे किती जणांना ठाऊक आहे?

अध्यक्ष होत्या सुलोचनाबाई डोंगरे. हजारो बाया जमल्या. बाबासाहेब त्यांच्यापुढं बोलले. समाज किती पुढं गेला हे मी त्यातल्या स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता.

आता ठराव बघा. बाईला घटस्फोटाचा हक्क हवा. पुरुषाला एकीवर दुसरी करायला कायद्यानं बंदी हवी. गिरणीत, विडीच्या कारखान्यात राबणाऱ्या बायांना रजा हवी. गिरणीत बायांवर देखरेखीला बाईच हवी. कायदेमंडळात राखीव जागा हव्यात.

मित्रांनो, हे ठराव कुणावर रोखलेत? राखीव जागांचा सवर्ण सत्तेवर. रजेचा मालकावर. आणि घटस्फोटाचा? घरातल्या पुरुषावर. म्हणजे आपल्यावरसुद्धा! जात, मजुरी आणि बाईपण, तिन्ही ओझी एकाच डोक्यावर होती. म्हणून एकाच बैठकीत तिन्ही मांडली.

अमेरिकेत काय झालं? जनरल मोटर्सच्या सेंट लुईसच्या कारखान्यात १९६४ पूर्वी काळ्या बायांना जवळजवळ दारच बंद होतं. मंदी आली, शेवटी लागलेल्यांना आधी काढलं. काळ्या बायांवरच कुऱ्हाड पडली. पाचजणी कोर्टात गेल्या. १९७६ साली कोर्टानं सांगितलं, वर्णाची तक्रार करा किंवा बाईपणाची, दोन्ही जोडून चालणार नाही. कंपनी बायांना घेत होती, पण गोऱ्या. काळ्यांना घेत होती, पण पुरुष. काळी बाई दोन्ही हिशेबांतून गळाली. हा खटला पुढं ठेवून किंबर्ले क्रेनशॉ यांनी १९८९ साली 'इंटरसेक्शनॅलिटी' हा शब्द दिला.

त्याच १९८९ साली ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं 'आम्हीही इतिहास घडवला' आलं. आंबेडकरी चळवळीतल्या बाया त्यात स्वतः बोलल्या. शब्द तिकडचा असेल, शहाणपण इथलं जुनं आहे.

तरी आपल्यातले काहीजण म्हणतात, आधी जातीचं बघू, बायांचं मागाहून. त्यांना एवढंच विचारा : नागपूरच्या त्या ठरावांतला कोणता ठराव मागाहून घ्यायचा होता?