जुन्या जीपमधील चाकांचे संरेखन

चाकांचे संरेखन म्हणजे मोटारीच्या चाकांचा परस्परांशी, रस्त्याशी आणि गाडीच्या सांगाड्याशी असलेला कोनसंबंध ठरलेल्या मापात राखणे होय. व्यवहारात यास ‘अलाइनमेंट’ म्हणतात. प्रस्तुत लेख अखंड पुढचा ॲक्सल आणि कमानपाटे असलेल्या विलीस घराण्यातील जुन्या जीपांविषयी आहे. महिंद्र कंपनीने स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत माझगाव येथे या जीपांची जुळणी सुरू केली. विलीसने १९५३ साली बाजारात आणलेली सीजे-३बी ही जीप अमेरिकेत १९६८ साली बंद झाली. भारतात मात्र तिचे उत्पादन त्यानंतरही दीर्घकाळ चालू राहिले.

रायगड जिल्ह्यातील कर्जत आणि खालापूर हे समुद्रापासून दूरचे, सह्याद्रीच्या पायथ्याचे तालुके आहेत. मुरमाचे रस्ते, भातखाचरांचा चिखल, पावसाळ्यातील खड्डे आणि लगेच पुढे नेरळहून माथेरानच्या दस्तुरी नाक्याकडे चढणारी किंवा खोपोलीहून भोर घाटात शिरणारी तीव्र वळणे असा रस्ता येथे एकाच फेरीत लागतो. खड्ड्यांत झिजलेला भाग घाटाच्या उतारावर धोका बनतो, म्हणून या प्रदेशात हा विषय केवळ टायरच्या खर्चाचा उरत नाही.

प्रमुख कोन

मूळ विलीस जीपसाठी कॅस्टर ३ अंश, कॅम्बर दीड अंश, किंगपिनचा कल साडेसात अंश आणि टो-इन ३/६४ ते ३/३२ इंच, म्हणजे सुमारे १.२ ते २.४ मिलिमीटर अशी मापे दिलेली आहेत. या संज्ञांना मराठीत सर्वमान्य प्रतिशब्द रूढ झालेले नाहीत. गॅरेजात हेच शब्द चालतात आणि येथेही तेच वापरले आहेत.

चाक ज्या खिळीभोवती वळते तो किंगपिन. बाजूने पाहता किंगपिनचे वरचे टोक मागे झुकलेले असते, हा कॅस्टर. सायकलचा पुढचा चिमटा तिरका असतो त्यामागेही हेच तत्त्व आहे: वळण संपल्यावर चाक आपोआप सरळ होऊ पाहते. कॅस्टर कमी झाला तर गाडी रस्त्यावर भटकते. प्रमाणाबाहेर वाढला तर स्टेअरिंग जड होते. समोरून पाहता चाकाचा माथा किंचित बाहेर झुकलेला असतो, तो कॅम्बर. किंगपिनचा माथा मात्र आत झुकलेला असतो. या दोहोंमुळे किंगपिनची रेषा जमिनीला टायरच्या मध्याजवळ मिळते आणि दगडाचा धक्का हातापर्यंत कमी पोहोचतो. शोभेसाठी बाहेर काढलेली रुंद चाके बसवली की हे अंतर वाढते.

दोन्ही चाकांच्या पुढच्या कडांमधील अंतर मागच्या कडांमधील अंतरापेक्षा थोडे कमी ठेवतात, तो टो-इन. धावताना रस्त्याचा विरोध पुढची चाके बाहेर ढकलतो, सांध्यांतील सैलपणा खेचला जातो आणि चाके जवळजवळ समांतर होतात.

वळणाची भूमिती

वळताना आतले चाक लहान वर्तुळात फिरते, म्हणून ते बाहेरच्या चाकापेक्षा अधिक वळावे लागते. ही रचना म्युनिकच्या गेऑर्ग लांकेनश्पेर्गर याने घोडागाड्यांसाठी शोधली व रूडॉल्फ आकरमन याने १८१८ मध्ये इंग्लंडात तिचे पेटंट घेतले. नाव पेटंट घेणाऱ्याचे राहिले. सीजे-३बीच्या पुढच्या-मागच्या चाकांतील अंतर ८० इंच आहे. भूमितीने हिशेब केला तर आतले चाक २५ अंश वळते तेव्हा बाहेरचे सुमारे २० अंश वळायला हवे. वाकलेली स्टेअरिंगची भुजा हे नाते बिघडवते, आणि चाके सरळ असताना घेतलेल्या टो-इनच्या मापात ते दिसत नाही.

झीज आणि तपासणी

आधुनिक मोटारीत अनेक कोन फिरवून जुळवता येतात; अखंड ॲक्सलच्या जीपमध्ये सहज जुळवता येतो तो केवळ टो-इन. कॅम्बर व किंगपिनचा कल ॲक्सलच्या घडणीतच असतो. ॲक्सल वाकला किंवा बेअरिंग झिजले तरच ते बदलतात. म्हणून सैल सांधे तसेच ठेवून केलेले अलाइनमेंट फसवे असते. यंत्रावर आकडे बरोबर येतात आणि पहिल्याच खड्ड्यात बिघडतात.

आधी टायरमधील हवा पाहावी. मग गाडीचा पुढचा भाग उचलून चाक वर-खाली धरून हलवावे. खडखड जाणवल्यास दुसऱ्याने ब्रेक दाबावा. खडखड थांबली तर दोष चाकाच्या बेअरिंगचा, न थांबल्यास बहुधा किंगपिनचा. किंगपिनच्या बेअरिंगचा ताण शिम नावाच्या पातळ चकत्यांनी जुळवतात. त्यानंतर चाके जमिनीवर ठेवून एकाने स्टेअरिंग थोडे डावी-उजवीकडे हलवावे व दुसऱ्याने खालून टाय रॉडची टोके, ड्रॅग लिंक, मधली बेलक्रँक आणि स्टेअरिंग बॉक्स पाहावे. बेलक्रँकची पिन हे या जीपांचे जुने दुखणे आहे. कमानपाट्यांचे बुश, शॅकल आणि यू-बोल्ट सर्वांत शेवटी आठवतात, वास्तविक ते आधी पाहायला हवेत.

ओढा ओलांडणाऱ्या जीपमध्ये किंगपिनभोवतीच्या गोलाकार कवचाचे नमद्याचे सील फाटले असल्यास पाणी व गाळ आत जातो आणि ग्रीस पांढुरके होते. अशा वेळी ते कवच उघडून धुणे, नवे सील व ग्रीस घालणे भाग पडते.

गाडी उंच करण्याचे परिणाम

विलीस जीपच्या पुढच्या पाट्यांचे शॅकल पुढच्या टोकाला असते. तेथे लांब शॅकल लावल्यास गाडी उंच होते, पण ॲक्सलचा माथा पुढे फिरतो आणि कॅस्टर घटतो. पाटा व ॲक्सल यांमध्ये लोखंडी पाचर घालून तो परत मिळवतात; पाचर उलटी बसली तर कॅस्टर आणखी घटतो.

फडफड

एखाद्या खड्ड्यानंतर ठरावीक वेगाला पुढची चाके जोराने डावी-उजवीकडे फडफडू लागतात आणि स्टेअरिंग हातात राहत नाही. मुळाशी बहुधा सैल किंगपिन, झिजलेले टाय रॉड, असंतुलित चाक किंवा चुकीचा कॅस्टर यांपैकी एकाहून अधिक दोष असतात. स्टेअरिंग डॅम्पर बसवल्यास लक्षण दबते, दोष राहतो. फडफड सुरू झाल्यास स्टेअरिंग घट्ट धरून, झटका न देता वेग उतरवावा. माथेरानच्या उतारासारख्या ठिकाणी त्यासाठी गाडी आधीपासून खालच्या गिअरमध्ये असणे आवश्यक असते.

फोर बाय फोरशी गल्लत

या जीपांत पुढच्या व मागच्या ॲक्सलमध्ये डिफरन्शिअल नसतो. चिखलातून बाहेर आल्यावर फोर बाय फोर तसाच राहिला, तर डांबरी वळणावर पुढची-मागची चाके वेगवेगळे अंतर कापू पाहतात, पण यंत्रणा त्यांना तसे करू देत नाही. स्टेअरिंग जड होते, टायर घासतात आणि चालक अलाइनमेंटला दोष देतो. लिव्हर टू व्हीलवर आणून गाडी थोडी मागे घेतल्यास हा ताण सहसा सुटतो.