जास्त मेगापिक्सेल की शहाणा डोळा?

आज मी बोलणार आहे बघता बघताच विचार करणाऱ्या चिपच्या इतिहासावर.

आपल्या डोळ्याच्या पडद्यात, म्हणजे रेटिनात, प्रकाश टिपणाऱ्या १२ कोटींच्या आसपास पेशी असतात. तिथून मेंदूकडे जाणारे तंतू मात्र साधारण १० लाख. म्हणजे चाळणी डोळ्यातच लागते! फोनचा कॅमेरा प्रत्येक ठिपका प्रोसेसरकडे ढकलतो, आणि बॅटरी खर्ची पडते.

जगदीशचंद्र बोस यांनी १९०२च्या पुस्तकात कृत्रिम रेटिना मांडला: ब्रोमीनची वाफ दिलेली चांदी, प्रकाश पडला की विजेचा प्रतिसाद. पण त्यात चाळणी नव्हती. ती आणली कॅलटेकच्या मिशा महोवाल्ड आणि कार्व्हर मीड यांनी. १९९१मध्ये त्यांनी जगापुढे ठेवलेला सिलिकॉन रेटिना शेजारच्या ठिपक्यांशी तुलना करून कडा आणि बदल तेवढेच उचलायचा.

मग आली आठवण. किती वीज वाहून गेली हे लक्षात ठेवणारा मेमरिस्टर लिऑन चुआ यांनी १९७१मध्ये सुचवला. २००८मध्ये एचपीने तो बनवून दाखवला. आपल्या कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातही मेमरिस्टरवर संशोधन चालतं. आता असे काही भाग प्रकाशानेही शिकतात: झोत पुन्हा पुन्हा पडला की विजेची वाट सोपी होते, अगदी उजळणीसारखी.

आमच्या मंगरूळपीरकडे रानडुकरांपायी शेतात रात्रभर जागल करावी लागते. काही हललं तरच जागा होणारा डोळा छोट्या सेलवर महिनोन्‌महिने चालला, तर शेतकऱ्याला झोप मिळेल. म्हणून मला मेगापिक्सेलपेक्षा ही चाळणी मोठी वाटते.